लघुदाब विद्युत ठेकेदाराचा परवाना : स्वतःचा काढावा की दुसऱ्याच्या सहीवर काम करावे?

खाडीपलीकडे :

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहतो. आयटीआयमधून वीजतंत्री हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर दोन वर्षे पुण्याजवळच्या एका कारखान्यात काढली आणि टाळेबंदीत गावी परतल्यापासून सीसीटीव्ही, इंटरकॉम, वायफायची केबल आणि इन्व्हर्टर बसवण्याची कामे करतो. आता एका ओळखीच्या गृहस्थांनी समुद्राकडेच्या त्यांच्या जागेत आठ खोल्यांचे पर्यटक निवास बांधायला घेतले आहे आणि संपूर्ण वायरिंगचे काम मीच करावे असा त्यांचा आग्रह आहे. तीन फेजची नवी जोडणी घ्यायची आहे आणि महावितरणकडे अर्ज करताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. माझ्याकडे असा परवाना नाही. बाजारपेठेतील एका परवानाधारकाला विचारले असता त्यांनी सरळ सांगितले, "काम तू कर, सही माझी, दहा टक्के दे."

दुसरी गोष्ट अशी की माझा आतेभाऊ कॅलिफोर्नियात असतो. तिकडे कॅमेरे, अलार्म आणि नेटवर्क केबल टाकणाऱ्यांसाठी 'लो व्होल्टेज' असा वेगळा परवाना असतो आणि तो काढला की काम भागते, असे तो म्हणतो. आपल्याकडे तसा काही लहान परवाना आहे का? असल्यास कोणत्या कार्यालयात जावे? आणि नसल्यास त्या दहा टक्क्यांच्या मार्गाने जाण्यात नेमका धोका काय आहे? कृपया अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे.

जुना मीटर :

वीज मंडळात आणि नंतर महावितरणात मिळून माझी एकतीस वर्षे गेली, त्यांपैकी बरीचशी रत्नागिरी जिल्ह्यातच. पहिल्यांदा शब्दांचा घोळ सोडवू या, कारण तुमचा अर्धा प्रश्न त्यातच अडकला आहे.

तुमचे आतेभाऊ म्हणतात तो कॅलिफोर्नियाचा सी-७ वर्गाचा परवाना आहे आणि त्याची मर्यादा ९१ व्होल्ट आहे. त्यात घरातला साधा दिवासुद्धा येत नाही. आपल्याकडे १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत कमी दाब म्हणजे २५० व्होल्टपर्यंत, मध्यम दाब ६५० व्होल्टपर्यंत आणि त्यापुढे ३३,००० व्होल्टपर्यंत उच्च दाब, अशी विभागणी होती. महावितरणच्या बोलीभाषेत आजही 'लघुदाब ग्राहक' म्हटले की घरगुती मीटरपासून तीन फेजच्या गिरणीपर्यंत सगळे त्यात येतात. तेव्हा तिकडचा 'लो व्होल्टेज' आणि आपला लघुदाब यांचे केवळ नाव सारखे आहे. आपल्या लघुदाबाने माणूस सहज मरतो.

जुन्या नियमांतील ४५वा नियम आमच्या पिढीला तोंडपाठ होता. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा व वीजपुरवठ्याविषयीचे विनियम २०१०मध्ये आले आणि त्यांची जागा २०२३च्या विनियमांनी घेतली, परंतु या बाबतीतला गाभा तोच राहिला आहे. ग्राहकाच्या जागेतील विद्युत संचमांडणीचे कोणतेही काम, मग ते नवे असो, वाढीव असो की दुरुस्तीचे, राज्य शासनाने परवाना दिलेल्या ठेकेदारानेच करावे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करावे आणि हाताने काम करणाऱ्याकडे परवाना असावा, असे तो सांगतो. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच किंवा २५० व्होल्टपर्यंतचे घरगुती उपकरण बदलणे, आणि तेही संचमांडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता, एवढीच सूट आहे. आठ खोल्यांचे निवास त्या सुटीत कुठूनही बसणार नाही.

माडाखाली :

मी मालवणजवळ राहते. विद्युत अभियांत्रिकीची पदविका झाल्यावर पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र घेतले आणि गेली काही वर्षे एका ठेकेदारांकडे त्याच कामावर आहे. जुना मीटर काकांनी नियम सांगितलाच आहे, त्यातले तीन कागद मी वेगळे करून सांगते, कारण आमच्याकडे येणारी मुले हे तिन्ही एकच समजतात.

तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना हा हाताने काम करणाऱ्याचा. पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र हे कामावर देखरेख करून ते तपासणाऱ्याचे. ठेकेदाराचा परवाना हा व्यवसायाचा, म्हणजे काम अंगावर घेऊन चाचणी अहवाल देण्याचा. पहिले दोन माणसाला मिळतात, तिसरा व्यवसायाला मिळतो आणि त्यासाठी पहिले दोन असलेली माणसे तुमच्याकडे असावी लागतात. हे सर्व अनुज्ञापक मंडळाकडून मिळते. जुने लोक अजूनही याला 'पीडब्ल्यूडीचे लायसन' म्हणतात, त्यामुळे बरेच जण आधी बांधकाम खात्याच्या कार्यालयात चक्कर मारून येतात. तुम्ही जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जा.

आता कॅमेऱ्यांविषयी. कॅमेरा १२ व्होल्टवर चालतो, किंवा नेटवर्कच्या केबलमधूनच त्याला वीज मिळत असेल तर ती साधारण ४८ व्होल्ट असते. ती केबल ओढण्यासाठी आमच्याकडे कोणी ठेकेदाराचा परवाना मागत नाही. परंतु त्या कॅमेऱ्याच्या पॉवर सप्लायसाठी माळ्यावर किंवा गेटच्या खांबावर तुम्ही २३० व्होल्टचा नवा पॉइंट काढला की ते काम संचमांडणीचे झाले. खरे सांगायचे तर कॅमेरेवाल्यांनी जवळच्या बोर्डातून दोन तारा मारून, अर्थिंग न घेता, काढलेले पॉइंट हा आमचा नेहमीचा वैताग आहे. तुम्ही तसे करत नसाल असे गृहीत धरते.

रोखठोक :

सगळ्यांनी पुस्तकातले सांगितले, मी बाजारातले सांगतो. आमच्या भागात बहुतेक घरांचे वायरिंग ज्याने केले त्याच्याकडे कोणताही कागद नसतो आणि अहवालावर सही करणाऱ्याने ते घर पाहिलेलेसुद्धा नसते. तरीही दिवे लागतात आणि पंखे फिरतात. या मुलाने दोन-तीन वर्षे कागद गोळा करत बसावे आणि तोवर काम दुसऱ्याने न्यावे, हे त्याच्या पोटाला परवडणारे आहे का? दहा टक्के द्यावेत, काम चांगले करावे आणि हातात चार पैसे आले की सावकाश परवाना काढावा. कागदाने तार चांगली होत नाही, हाताने होते.

तीन फेज :

रोखठोक, आपले शेवटचे वाक्य खरे आहे, परंतु आपण ते चुकीच्या ठिकाणी वापरले आहे. माझ्याकडे ठेकेदाराचा परवाना वीस वर्षांहून अधिक काळ आहे आणि सुरुवातीच्या दिवसांत मीही सह्या दिल्या आहेत. त्यातल्या एका सहीची हकिगत सांगतो.

एका ओळखीच्या वायरमनने सुपारीच्या बागेत दीड अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप बसवला होता. मी चहाच्या टपरीवर बसून त्याच्या अहवालावर सही केली. अर्थिंगच्या रोधाच्या रकान्यात (हा आकडा जितका कमी तितके अर्थिंग चांगले) त्याने २ ओहम लिहिले होते आणि तो आकडा त्याने कुठून आणला हे मी विचारले नाही. पुढच्या वैशाखात पंपाच्या वाइंडिंगची तार आतून कवचाला टेकली. पंपाला १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच, होता, तो पडला नाही. पंपाला लागून असलेल्या लोखंडी पाइपाला बागेतली म्हैस घासली आणि जागीच गेली. अर्ध्या तासापूर्वी त्याच पाइपावर मालकांची सून पाय धुऊन गेली होती.

अपघाताची सूचना देणे विद्युत अधिनियम २००३च्या कलम १६१प्रमाणे बंधनकारक आहे आणि त्यानंतर चौकशी होते. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी वायरमनचे नावही विचारले नाही. त्यांनी अहवाल काढला, सही पाहिली आणि मला बोलावले. माझ्यासमोर अर्थिंग मोजले तेव्हा काटा २८ ओहमवर थांबला.

२८ ओहमचा अर्थ काय, तो प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहावा. फेज कवचाला टेकली तर जमिनीतून जाणारा प्रवाह २३० भागिले २८, म्हणजे आठ अँपिअरच्या थोडा वर. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा चालू पंपाइतकाच भार वाटतो. तो सी वर्गाचा असेल तर क्षणात पडण्यासाठी त्याला मूळ क्षमतेच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. त्यामुळे तो कधीच पडणार नव्हता, आणि पंपाचे कवच जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर, कोणीतरी हात लावण्याची वाट पाहत उभे होते. तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असती तर एवढ्या वाईट अर्थिंगवरही ती पडली असती, कारण कवचावर ५० व्होल्ट चढायच्या आत तिला पडायचे असेल तरी ५० भागिले ०.०३, म्हणजे सोळाशे ओहमच्या वरचे अर्थिंगसुद्धा पुरते.

वायरमनचा हात वाईट नव्हता. पाइप सरळ होते आणि जोड घट्ट होते. त्याच्याकडे अर्थ टेस्टर नव्हता आणि मोजण्याची सक्ती करणारा जो होता, म्हणजे मी, तो टपरीवर बसला होता. म्हशीचे पैसे मी भरले. त्यानंतर सही देणे बंद केले.

रोखठोक :

मान्य. हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. परंतु पोटाचा प्रश्न तसाच राहतो, त्याचेही उत्तर द्या.

अंगण :

मी दापोली तालुक्यात गेली नऊ वर्षे पर्यटकांना खोल्या देते. मी कामगार नाही आणि अभियंता नाही, पण पैसे देणारी बाजू म्हणून लिहिते.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आले त्यात आमची अर्धी कौले, चार माड आणि रस्त्यावरचे खांब गेले. आमच्या वाडीत वीज यायला महिना लागला. वीज आल्यावर घाईघाईने जे वायरिंग करून घेतले त्यात त्या मुलाने आरसीसीबी बसवली होती, पण ती दिवसातून दोन-तीनदा पडायची. पाहुणे अंघोळीला गेले की अंधार. मी वैतागले आणि तो म्हणाला, "काकू, ही समुद्राच्या हवेला चालत नाही, काढून टाकतो." त्याने ती काढून टाकली आणि मी त्याला वर बक्षीस दिले.

दीड वर्षाने दुसऱ्या एका ठेकेदारांनी सगळे तपासले, तेव्हा कळले की वादळानंतर जोडताना दोन खोल्यांचे न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारा, एकमेकांत मिसळले होते आणि एका ठिकाणी न्यूट्रल चक्क अर्थच्या तारेला जोडला होता. ती बिचारी आरसीसीबी रोज हेच सांगत होती. न्यूट्रल वेगळे केल्यावर ती आजतागायत विनाकारण पडलेली नाही. तेव्हा बाळा, तुझ्या मालकांना आधीच सांगून ठेव की ती पडली तर कारण शोधायचे, ती काढायची नाही.

माडाखाली :

ताई, आपण हे लिहिलेत ते फार बरे झाले. 'समुद्राच्या हवेला चालत नाही' हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. समुद्राच्या हवेचा त्रास खराच असतो, परंतु तो वेगळ्या जागी असतो. पश्चिमेच्या भिंतीवरचे जोडडबे, पितळी टर्मिनलवर चढणारा हिरवट थर, पत्र्याच्या बोर्डाचा मागच्या बाजूने होणारा चुरा. आमच्याकडे समुद्राच्या बाजूला पत्र्याचा डबा वापरतच नाही, प्लास्टिकचा बंद डबा घेतो आणि केबल नेहमी खालून आत घेतो, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळून आत शिरत नाही.

खाडीपलीकडे, तुमच्या जागेविषयी एक विचारायचे आहे. जमीन वाळूची आहे की जांभ्याची?

खाडीपलीकडे :

सर्वांचे मनापासून आभार. तीन फेज दादांची हकिगत वाचून रात्री आमच्या स्वतःच्या विहिरीवरच्या पंपाला टेस्टर लावून आलो.

ताई, जागा सड्यावर आहे. सगळा जांभा. चिऱ्यांच्या खाणीसारखेच खोदावे लागते.

माडाखाली :

मग अर्थिंगला आतापासून लागा, भिंती उभ्या राहीपर्यंत थांबू नका. जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, म्हणून ऑगस्टमध्ये ४ ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात २५-३०वर गेलेला मी स्वतः मोजला आहे. अहवालासाठी मोजायचे तर वैशाखात मोजावे, असे माझे ठाम मत आहे, जरी अर्ज पावसाळ्यात द्यायचा असला तरी.

आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे पाइप अर्थिंगला निदान ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप लागतो आणि तो इमारतीपासून दीड मीटर तरी दूर असावा लागतो. सड्यावर अडीच मीटर खाली जायचे म्हणजे मजुरी वाढते, म्हणून लोक सव्वा मीटरवर पाइप कापतात. तो कापलेला तुकडा कोणाला दिसत नाही. खड्डा मोठा घ्यावा, चिऱ्यांचा चुरा परत आत ढकलू नये, बाहेरून आणलेली लाल माती आणि कोळसा भरावा. मीठ मी कमी घालते, कारण पाइप लवकर खातो. आणि जागा निवडताना मोरीचे पाणी जिथे केळीच्या आळ्यात सोडले असेल त्याच्या शेजारी निवडावी, म्हणजे मे महिन्यातही तिथली जमीन ओली असते. आमच्या आजीला अर्थिंग ठाऊक नव्हते, पण घरातली सर्वांत ओली जागा कोणती हे विचाराल तर तिने हीच दाखवली असती.

एक अडचण अशी येते की मोजताना अर्थ टेस्टरचे खुंटे जांभ्यात ठोकले जात नाहीत. ते आडवे ठेवून त्यांवर पाण्याने निथळणारे गोणपाट टाकावे आणि दहा मिनिटे थांबून मोजावे. दूरचा खुंटा तीस मीटरवर आणि मधला त्याच्या साधारण ६२ टक्के अंतरावर, म्हणजे साडेअठरा मीटरच्या आसपास ठेवावा. मधला थोडा मागेपुढे सरकवून पुन्हा मोजावे. आकडा फारसा हलला नाही तर तो खरा समजावा.

तीन फेज :

रोखठोक यांनी पोटाचा प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर देतो, कारण तो खरा आहे.

खाडीपलीकडे, तुमच्याकडे आयटीआयचे प्रमाणपत्र आहे, पण तारतंत्रीचा परवाना तुम्ही काढलेला दिसत नाही. हा आळस नव्वद टक्के मुले करतात, हे माझे निरीक्षण आहे, त्यामागे मोजणी नाही. तो अर्ज या आठवड्यात करा. दुसरे, दहा टक्के देऊन सही घेण्याऐवजी उलटा व्यवहार करा. निवासाचे काम एखाद्या ठेकेदाराच्या नावावर खरोखर द्या. त्यांचे पर्यवेक्षक जागेवर येतील आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली काम कराल अशी अट घाला. मालक तुमचे आहेत, त्यामुळे तुमच्या हातात बोलण्याची ताकद आहे. कॅमेरे, वायफाय आणि इंटरकॉम तुमच्याच नावावर राहू द्या. पैसे थोडे कमी सुटतील, परंतु त्या कामाचा अनुभवाचा दाखला तुमच्या नावावर निघेल आणि पुढे पर्यवेक्षकाच्या परीक्षेला तोच दाखला लागतो. भाड्याच्या सहीवर केलेल्या दहा कामांचा एकही दाखला मिळत नाही, कारण कागदोपत्री ती कामे तुम्ही केलेलीच नसतात.

खाडीपलीकडे :

दादा, हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. पर्यवेक्षकाची परीक्षा कशी असते? आणि पुढे ठेकेदाराच्या परवान्याला कोणती हत्यारे आणि कागद लागतात?

तीन फेज :

मी परीक्षा देऊनच पर्यवेक्षक झालो, माडाखाली यांच्यासारखी पदविका माझ्याकडे नव्हती. लेखी परीक्षेत नियम, जोडणीच्या आकृत्या, भाराचा आणि तारेच्या जाडीचा हिशेब असे प्रश्न होते. माझी खरी तारांबळ तोंडी परीक्षेत उडाली. परीक्षकांनी मेगर, म्हणजे तारेच्या आवरणाचा रोध मोजणारे उपकरण, पुढे ठेवला आणि विचारले, "घराचे वायरिंग तपासायचे तर किती व्होल्टवर तपासाल, आणि किती आकडा आला तर नापास कराल?" पहिले उत्तर ठाऊक होते, ५०० व्होल्ट एकदिश (डीसी). दुसऱ्याला मी अडखळलो. निदान एक मेगाओहम यायला हवा आणि दाब मिनिटभर द्यायला हवा. दुसरा प्रश्न असा होता, "मेगर लावण्यापूर्वी काय काढाल?" बल्ब, पंख्यांचे रेग्युलेटर, गीझर, जे जे जोडलेले आहे ते सगळे, नाहीतर आकडा तारेचा न येता उपकरणाचा येतो, आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तू जळते ती वेगळीच. मी हे रोज करत होतो, पण कोणी विचारल्यावर सांगता येणे ही वेगळी गोष्ट आहे. आयएस ७३२ हे वायरिंगचे मानक आणि राष्ट्रीय विद्युत संहिता, तिची २०२३ची आवृत्ती, एकदा चाळून ठेवा.

ठेकेदाराच्या परवान्यासाठी मेगर, अर्थ टेस्टर, मल्टिमीटर आणि टाँग टेस्टर ही उपकरणे घेतली. त्यांची पावती अनुक्रमांकासह असावी, कारण तपासणीला आलेले अधिकारी पावतीवरचा आणि उपकरणावरचा अनुक्रमांक ताडून पाहतात. माझ्या वेळी शेजाऱ्याचा मेगर आणून दाखवणारे एक गृहस्थ तिथेच उघडे पडले. जागेचा भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती, पर्यवेक्षक आणि तारतंत्री यांचे परवाने आणि त्यांचे संमतीपत्र हे कागद लागले. मी स्वतःच पर्यवेक्षक होतो म्हणून माझे एक माणूस वाचले. पर्यवेक्षक एकाच वेळी दोन ठेकेदारांकडे दाखवता येत नाही, हे लक्षात ठेवा. नूतनीकरणाची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा. मी एकदा विसरलो आणि भर मोसमात दोन महिने अहवाल देता आले नाहीत.

जुना मीटर :

दोन-तीन फुटकळ गोष्टी जोडतो. ठेकेदाराचा परवाना मिळाला म्हणजे सरकारी निविदा भरता येतात, असे नाही. त्यासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे वेगळी वर्गवार नोंदणी करावी लागते. सेवा देणाऱ्या व्यवसायाची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी अनिवार्य होते. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल तर ठेकेदाराच्या अहवालावर भागत नाही, विद्युत निरीक्षकांना कळवून त्यांची तपासणी व्हावी लागते. रत्नागिरी-चिपळुणात आता अशा इमारती बऱ्याच झाल्या आहेत.

चिपळूण म्हटल्यावर आठवले. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर मी निवृत्त असूनही मदतीला गेलो होतो. तळमजल्यावरची मीटरची खोली छतापर्यंत चिखलाने भरलेली आणि तिच्यात जाऊन मेन स्विच बंद करायला निघालेला एक तरुण, हे दृश्य मी विसरलेलो नाही. त्याला मी दंडाला धरून मागे ओढले. तुमचे निवास सड्यावर आहे, तुम्हाला पुराचे भय नाही, परंतु उद्या खाडीच्या काठावर काम घ्याल तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा की पाणी कुठवर आले होते, आणि मीटरचा बोर्ड त्याच्या वर घ्या.

आणि सौर छताचे काम करणार असाल तर 'लघुदाब' या शब्दाने पुन्हा फसू नका. २०२४पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळत असल्याने आमच्याकडे छतोछती पॅनेल चढू लागली आहेत. एक पॅनेल चाळीसएक व्होल्टचे असते म्हणून मुले त्याला खेळणे समजतात. आठ पॅनेल एका माळेत जोडली की ते सव्वातीनशे व्होल्ट एकदिश होते, ऊन असेपर्यंत ते बंद करता येत नाही आणि तुटलेल्या जोडात पडणारी ठिणगी घरातल्या विजेसारखी आपोआप विझत नाही.

रोखठोक :

तीन फेज यांचा उलटा व्यवहार मला पटला. मात्र त्यासाठी जागेवर येणारा ठेकेदार मिळायला हवा. तसे फार थोडे आहेत, हे आपणही कबूल कराल.

तीन फेज :

करतो. माझ्या तालुक्यात मला तीन माहीत आहेत आणि त्यांपैकी एक मी आहे.

खाडीपलीकडे :

हा धागा फाल्गुनात सुरू केला होता, आता दिवाळी झाली. काय घडले ते सांगतो.

तारतंत्रीचा परवाना हातात आला. निवासाचे काम शेजारच्या तालुक्यातील एका ठेकेदारांच्या नावावर दिले. मालक आधी कुरकुरले, परंतु अंगण काकूंची हकिगत त्यांना वाचून दाखवल्यावर तयार झाले. अर्थिंगचे दोन खड्डे मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी, केळीच्या आळ्याजवळ घेतले. खुंट्यांवर ओले गोणपाट टाकून मोजले तेव्हा दोन्ही जोडून ६ ओहम आले. प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्यूट्रल दिला आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली.

गेल्या पंधरवड्यात चाचणी होती. मी आदल्या दिवशी सगळ्या खोल्यांना मेगर लावून आकडे तक्त्यात भरून ठेवले होते, सगळीकडे ५० मेगाओहमच्या वर. ठेकेदार आले, त्यांनी तक्ता वाचला, पेन खिशात ठेवले आणि स्वतःचा मेगर काढून सहा नंबरच्या खोलीत गेले. आकडा ०.८ आला. मी काल मोजले तेव्हा दुपार होती आणि ऊन होते, आता सकाळचे साडेसात वाजले होते आणि भिंतीला दव होते. पश्चिमेच्या बाजूचा जोडडबा उघडला तर आत पाण्याचे थेंब. केबल वरून आत घेतलेली होती आणि ती मीच घेतली होती, कारण त्या दिवशी खालच्या बाजूला गिलावा ओला होता.

डबा बदलला, केबल खालून घेतली आणि तीन दिवसांनी पुन्हा सकाळी साडेसातलाच मोजले. मग त्यांनी सही केली. महावितरणचा मीटर परवा बसला. पर्यवेक्षकाच्या परीक्षेच्या अर्जासाठी लागणारा अनुभवाचा दाखला त्यांनी दिला आहे, त्यावर निवासाचे नाव आणि मंजूर भार दोन्ही लिहिले आहेत. माडाखाली ताई, लेखी परीक्षेच्या तयारीसाठी तुमच्याकडे जोडणीच्या आकृत्यांची वही असेल तर तिची छायाचित्रे पाठवाल का?

माडाखाली :

वही आहे, तिच्यावर माशाच्या कालवणाचे डाग आहेत तेवढे चालवून घ्या. आज रात्री पाठवते.